दोन अक्षरं आणि वर एक टिंब

नाही, पण मला एक सांगा, मुलीनं घसा कोरडा पडेपर्यंत बोलायचं आणि बापानं एवढंसंच उत्तर द्यायचं, ही काय पद्धत झाली? म्हणजे मी काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नव्हतं हो. नोकरी कसली, शहर कुठलं, राहायची सोय काय, पूल तपासायचे म्हणजे नेमकं काय करायचं, दोराला लटकून पुलाच्या पोटाखाली उतरायचं आणि छोट्या हातोडीनं ठोकत ठोकत बघायचं कुठं पोकळ वाजतंय, आणि हे मला करायचंय, मनापासून करायचंय, पण मी तुमची एकुलती एक, मी गेले की या घरात तुम्ही दोघंच उरणार हेही मला कळतंय, म्हणून बाबा, तुमच्या मनात काय आहे ते एकदा स्पष्ट सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना हो की नाही कळवायचंय... हे सगळं मी त्यांच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत बोलले, कारण समोर बसून बोलले असते तर रडले असते, आणि मला रडायचं नव्हतं. बोलून झालं. मी थांबले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि म्हणाले,

"बरं."

संपलं. पुढचं पान.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, बाप हो म्हणाला. तुम्हाला वाटतं तसं. तुम्ही आमच्या घरात राहिलेला नाहीत. आमच्या घरात 'बरं' म्हणजे हो नसतं. नाहीही नसतं. शब्द केवढा? दोन अक्षरं आणि वर एक टिंब. पण अख्खा माणूस त्यात मावतो, त्याची बायको, बहीण, मुलगी, वर्कशॉप, दुखणंखुपणं, सगळं मावतं आणि वर जागा उरते. बाबा फोन उचलतात तेव्हा 'बरं', ठेवतात तेव्हा 'बरं'. वीज गेली, 'बरं'. वीज आली, 'बरं'. शेजारीण बाळंत झाली, मुलगी झाली, 'बरं'. शेजारणीचा नवरा पळून गेला, तेही 'बरं'. एकदा चपलांच्या दुकानात दुकानदारानं भाव सांगितला. बाबा चपलेकडे बघत म्हणाले, 'बरं.' दुकानदार घाबरला. थोडा कमी केला. बाबा, 'बरं.' अजून कमी केला. बाबा चपलेकडेच बघतायत. शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, याच्या खाली मला खरंच परवडत नाही हो," आणि हात जोडले. मी शेजारी उभी राहून हे बघत होते. मोठमोठे लोक वाटाघाटी करायला परदेशी शिकून येतात म्हणे. येऊन बघा म्हणावं.

आणि हातात स्मार्टफोन आल्यापासून तर विचारू नका. घरच्या ग्रुपवर बाबा लिहायला लागले. आधी व्यवस्थित 'बरं'. मग टिंब द्यायचा कंटाळा आला, 'बर'. मग 'र' गेला, नुसता 'ब'. आणि परवा तर अक्षरंच संपली, आईनं विचारलं 'येताना दूध आणता का', तर उत्तर आलं, टिंब. नुसतं टिंब. पडद्यावर एकटं बसलंय. आई फोन लांब धरून बघतेय, जवळ धरून बघतेय, म्हणाली, "माशी बसलीय का गं?" मी म्हटलं, "नाही, बाबा आहेत."

आणि दूध आलं, बरं का. म्हणजे टिंबाला अर्थ होता.

तर या माणसाकडून मला हो की नाही काढायचं होतं. मी लिहूनही पाहिलं होतं हो, मूर्ख नाहीये मी. चांगला मोठा मेसेज पाठवला होता. पहिल्या दोन ओळी, 'बाबा, रागावू नका, घाई करू नका, आधी सगळं शांतपणे वाचा,' आणि मग खाली सगळं. लगेच उत्तर, 'ब'. मी हरखले. मग लक्षात आलं की लांब मेसेज फोन अर्धाच दाखवतो, पुढचं वाचायला 'आणखी वाचा' दाबावं लागतं, आणि बाबांनी उभ्या आयुष्यात 'आणखी वाचा' दाबलेलं नाही. म्हणजे माझा बाप फक्त न रागावायला तयार झाला होता. कशावर न रागावायचं ते त्याला माहीतच नव्हतं.

मग काय करणार? आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, दादाच्या 'बरं'वर तिचा आयुष्यभराचा अभ्यास आहे. तज्ज्ञ म्हणतात ना, तशी.

"कसं म्हणाला?" आत्या.

"कसं म्हणजे? बरं म्हणाले."

"अगं, लांबवलं का?"

"नाही. आखूड होतं."

"म्हणून दाखव."

"बरं."

"छे. दादा असं नाही म्हणणार. जोर कशावर होता, 'र'वर की टिंबावर?"

"आत्या, टिंबावर जोर कसा देतात?"

"तुझ्या बापाला देता येतो. नंतर काय केलं त्यानं?"

"चष्मा पुसला."

आत्या एकदम हळू आवाजात, "पुसून घातला, की बाजूला ठेवला?"

मला सांगा, तुमच्या घरी कुणी असं विचारतं? मी विचार करायला लागले हो. खरंच, घातला की ठेवला? "घातला," मी म्हटलं. आत्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. "मग खूश आहे. लग्नात मला निरोप देताना असंच केलं होतं त्यानं. जा बिनधास्त."

एवढ्यात स्वयंपाकघरातून आई. "काही खूश-बिश नाहीयेत. गिळलंय त्यांनी. मी संसार केलाय त्या शब्दाशी, मला विचारा ना." आणि मग आईचा जुना सल निघाला. आईला गाण्याची फार हौस. लग्न झाल्यावर पहिल्यांदा तिनं धीर करून, भांडी घासता घासता, पूर्ण गाणं म्हटलं आणि तिथूनच विचारलं, कसं झालं? बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं, 'बरं.' आता 'छान' नाही, 'सुंदर' नाही, निदान 'वाईट'ही नाही. 'बरं'. म्हणजे ठीकठाक. चालेल. खपून जाईल. आईनं त्या दिवसापासून घरात आवाज चढवून गाणं सोडलं, ती गुणगुणते फक्त, तेही नळ सोडून. "आणि तो स्वयंपाकघराचा हिरवा रंग आठवतोय?" आई म्हणाली. आठवतोय म्हणजे काय. आईनं विचारलं होतं, हिरवा देऊ का? बाबा म्हणाले बरं. रंग दिला. बाबा संध्याकाळी घरी आले, दारात थिजले, भिंतीकडे बघत म्हणाले, "हे कधी ठरलं?" आणि आम्ही सगळ्या किती हसलो होतो, आत्या तर खुर्चीवरून घसरली होती. काय टोमणा मारला, काय टोमणा मारला. आई मात्र तेव्हाही म्हणाली होती, बघा, मनातून आवडलं नव्हतं, पण बोलले नाहीत.

म्हणजे आत्याच्या मते बाप आनंदात, आईच्या मते बाप दुःख गिळून बसलेला, आणि बाप बसलाय खुर्चीत, शब्दकोडं सोडवतोय. दोन अक्षरं आणि वर एक टिंब, आणि त्यावर दोन शहाण्या बायका हमरीतुमरीवर आल्यात. मला रागही येत होता आणि खरं सांगू का, थोडी भीतीही वाटायला लागली होती. एवढ्या शिक्षणात मला कुठल्याही शब्दाची कधी भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ वर्कशॉपवर गेले. म्हटलं, घरी नाही ना बोलत, तिथं धरते. बाबांचं पत्र्याचं काम आहे. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढायला छताखालून ती मोठी चौकोनी नळकांडी जातात ना, ती ही माणसं बनवतात. पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकायचा. आता पत्र्यावर हातोडा पडला की काय आवाज होतो ते तुम्हाला सांगायला नको, आणि तिथं असे चार-पाच हातोडे दिवसभर चालतात. मी लहान असताना गेले होते तेव्हा कानांवर हात ठेवून रडले होते, मग पुन्हा कुणी नेलंच नाही. पण मी पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झालेली. यंत्रं बंद. ठोकाठोक बंद. अगदी चिडीचूप. बाबा दाराकडे पाठ करून टेबलावरच्या नळकांड्याच्या एका कोपऱ्यावर वाकलेले.

आणि मग मी जे बघितलं ना...

बाबांचे भागीदार, त्यांना आम्ही काका म्हणतो, ते हातात डबा घेऊन आले. बाबांच्या मागून नाही आले. पूर्ण टेबलाला वळसा घालून समोर आले. टेबलावर बोटांनी टकटक केलं. थांबले. बाबांनी वर बघितलं. नजरेला नजर मिळाली, आणि मग काका बोलले, "हा कोपरा असाच ठेवायचा का?"

आणि माझे बाबा, ऐका हं, माझे बाबा म्हणाले, "असाच ठेव की. म्हणजे धूर इथं येऊन विचारात पडेल, आता कुठं जाऊ, आणि परत फिरून आचाऱ्याच्या नाकात जाईल. तो तुला शोधत येईल. मी सांगणार, हा बघ, हाच तो."

सगळे हसले. एक मिस्त्री तिकडून आला, तोही वळसा घालून, टकटक, नजर, मग बोलला. बाबांनी त्यालाही ऐकवलं. दोन वाक्यं. मधे 'म्हणून' होतं हो, 'म्हणून'... जोडवाक्य. माझ्या बापाला जोडवाक्य येतं. मी दारात उभी, खांद्यावरची पर्स घसरून कोपरापर्यंत आलेली, आणि मला वाटलं, हा कोण माणूस आहे? आणि याला आमच्या घरी का पाठवत नाहीत?

"बाबा," मी दारातूनच म्हटलं.

काही नाही.

"बाबा, मी आलेय." जरा मोठ्यांदा.

मान न वळवता, कोपऱ्यावरून बोट फिरवत, "बरं."

आता बघा हं. यंत्रं बंद होती. कुणी बोलत नव्हतं. मी हळूच दोन पावलं पुढं गेले, पाठीमागेच उभी राहिले, आणि म्हटलं, "बाबा, मी एका हत्तीशी लग्न करतेय."

"बरं."

"हत्ती आपल्याकडेच राहायला येणार आहे."

"बरं बरं."

तिथले दोन मिस्त्री जमिनीवर बसले हसून हसून. काकांनी मात्र डबा खाली ठेवला, टेबलावर टकटक केलं आणि बोटानं मागं दाखवलं. बाबा वळले. मला बघितलं, आणि चेहरा असा झाला की काय सांगू... म्हणाले, "तू कधी आलीस?"

आणि माझ्या डोक्यात हिरवी भिंत उभी राहिली. हे कधी ठरलं? टोमणा नव्हता हो तो. तो माणूस खरंच विचारत होता. त्यानं हिरव्या रंगाचं काही ऐकलंच नव्हतं. चपलेचा भाव ऐकला नव्हता. गाणं... अगं आई गं, गाणं. भांड्यांच्या आवाजात, भिंतीपलीकडून. आम्ही तिघी वर्षानुवर्षं ज्या शब्दाचे पापुद्रे काढत बसलो होतो, लांब की आखूड, चष्मा घातला की ठेवला, त्या शब्दाच्या आत बाबांनी काही ठेवलेलंच नव्हतं. जे होतं ते सगळं आमचंच होतं.

"आमच्यात ही रीत आहे," काका म्हणाले, तेही माझ्या समोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघत. "पत्र्यानं सगळ्यांचेच कान खाल्लेत. समोर यायचं, वाजवायचं, बघितलं की मग बोलायचं." मग बाबांकडे वळून, "का रे, घरी सांगितलं नाहीस?"

बाबा पत्र्याची धार बघत बसले.

मी वळसा घातला. समोर गेले. टेबलावर टकटक केलं. त्यांनी वर बघितलं, आणि तुम्हाला काय सांगू, त्या माणसानं माझ्याकडे असं शेवटचं कधी बघितलं होतं मला आठवेना. एवढं लक्ष. डोळे, कपाळ, सगळा चेहरा माझ्यावर.

"बाबा, ऐकू येत नाही तर 'काय' विचारायचं ना. 'बरं' काय म्हणता?"

"विचारायचो," बाबा म्हणाले. "एकदा 'काय' विचारलं की तुम्ही परत सांगता. दुसऱ्यांदा विचारलं की ओरडून सांगता. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणता, जाऊ दे. ते 'जाऊ दे' फार लागतं गं. मग मी म्हटलं, त्यापेक्षा बरं म्हणावं. तुम्ही काय, माझ्या वाईटाचं थोडंच बोलत असणार?"

"आणि वाईटाचं असलं तर?"

"मग यथावकाश कळेलच की."

बघा. मी भांडायला आले होते. तोंडात वाक्यं तयार होती, चांगली धारदार. आणि समोर हा माणूस, जो आम्ही काय विचारतोय हे न ऐकता आम्हाला आयुष्यभर संमती देत आलाय. घराला रंग कुठला, सुट्टीत जायचं कुठं, मुलीनं शिकायचं काय... त्यानं सगळ्यावर आधीच सही करून ठेवलेली, कागद कोरा. दोन अक्षरं आणि वर एक टिंब. एवढा मोठा विश्वास एवढ्याशा शब्दात बसतो कसा, मला अजून कळलेलं नाही. मी थक्क झाले, आणि तेवढीच चिडलेही, कारण असं कोण करतं हो? उद्या खरंच हत्ती आणला असता तर?

मग मी विचारलं. येरझाऱ्या नाहीत, प्रस्तावना नाही. "बाबा, मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. राहायलाच जायचंय. जाऊ का?"

आता ते मिस्त्री, काका, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. तिथं चोरून ऐकायची सोयच नाही, ऐकायचं तर समोर येऊनच ऐकावं लागतं.

आणि बाबा सुरू झाले. काम काय? दोराला लटकायचं म्हणजे दोर कुणाचा? कोण तपासतं तो? तपासणारा स्वतः लटकतो का कधी? खाली पाणी असतं का? सोबत बायका आहेत का? जेवायचं काय? मी एकेकाचं उत्तर देत होते, आणि मनात म्हणत होते, देवा, मी शब्द मागितला होता, तू धरणच फोडलंस. आणि शेवटी बाबांनी विचारलं,

"आवाज फार असतो का तिथं?"

"असतो. वरून गाड्या जातात. खडी फोडायची यंत्रंही असतात कधी कधी."

"कानात घालायला देतात काही?"

"देतात."

"सगळ्यांना? की मागितलं तर?"

"सगळ्यांना, बाबा."

"घालायचं. लोक हसले तरी घालायचं. आम्हाला कुणी दिलं नाही, आणि नंतर मिळालं तेव्हा घालायची लाज वाटली." असं म्हणून त्यांनी त्या कोपऱ्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं, कुठं पोकळ नाही ना बघितल्यासारखं, आणि मग माझ्याकडे बघून, अगदी स्वच्छ, मोकळ्या आवाजात म्हणाले,

"जा."

आणि पाठ फिरवून डबा उघडला.

झालं. मिळाला स्पष्ट शब्द. मी तिथंच उभी राहून कंपनीला हो कळवलं. घरी आले, आईला सगळं सांगितलं. आधी ती रडली, यांचे कान गेले आणि मला कळलंही नाही म्हणून. मग एकदम थांबली. "म्हणजे माझं गाणं त्यांनी ऐकलंच नव्हतं?" नव्हतं, मी म्हटलं. "मग ते 'बरं' गाण्याला नव्हतंच?" नव्हतंच. तुम्हाला सांगते, त्या बाईनं नळ बंद केला, पदर खोचला, आणि जे काही सूर लावलाय ना, शेजारची खिडकी उघडली. बाबा संध्याकाळी आले तर त्यांच्या समोर उभी राहून, टेबलावर टकटक करून, अख्खं गाणं ऐकवलं. बाबा एकटक बघत होते तिच्याकडे. आता कानांची तपासणी ठरलीय, यंत्र बसेल म्हणतात. आई म्हणते, बसू दे, पण मी समोरूनच गाणार.

सगळं छान झालं. मग आत्याचा फोन आला.

"तोंडानं 'जा' म्हणाला?" आत्या.

"हो."

"'ये' नाही म्हणाला? आपल्यात जाणाऱ्याला 'ये' म्हणतात गं. 'येऊन जाऊन अस' नाही, 'सांभाळून जा' नाही... नुसतं 'जा'?"

"नुसतं 'जा'."

आई गाणं थांबवून बाहेर आली. पदराला हात पुसत माझ्याकडे बघत उभी राहिली. "कसं म्हणाले?" तिनं विचारलं. "चिडून नव्हतं ना?"

"म्हणून दाखव," आत्या फोनवरून.

मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि खुर्ची ओढून बसले. म्हटलं, पहिल्यापासून सांगते, नीट ऐका, कारण रस्ताभर मीही तोच विचार करत आलेय.